सिनेमे वाचवतोय, पण ते बनवणाऱ्या माणसांचं काय?

रीळवाला (धागाकर्ता)

२०२२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली ३६३ कोटींचं काम जाहीर केलं. सुमारे २,२०० जुने सिनेमे दुरुस्त करायचे, त्यांच्या नव्या डिजिटल प्रती काढायच्या. पुण्याचं लॉ कॉलेज रस्त्यावरचं चित्रपट संग्रहालय त्या निमित्ताने पुन्हा बातम्यांत आलं. चांगलंच झालं. पण माझं म्हणणं जरा वाकडं आहे, म्हणून धागा काढतोय.

ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, अशी सिनेमातली माणसं शोधायची असतील तर दुरुस्त केलेल्या चकचकीत सिनेमाचा फारसा उपयोग नाही. ती सापडतात कागदांत. गाण्यांच्या पुस्तिका, करारपत्रं, जाहिराती, सेन्सॉरच्या नोंदी, सेटवर सहज काढलेले फोटो. आणि टाळ्या, पैसा, उद्घाटनं सगळं पडद्याच्या वाट्याला जातं.

उदाहरण घ्या 'राजा हरिश्चंद्र'चं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागलेला सिनेमा. चार रिळांचा होता, आज पहिलं आणि शेवटचं रीळ उरलंय, आणि तेसुद्धा १९१३ चं की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. त्यात तारामती कोण? अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारा माणूस. पुढे 'लंकादहन'मध्ये त्याच गड्याने राम आणि सीता दोघांचीही कामं केली. साळुंके आपल्याला माहीत आहेत कारण ते पडद्यावर दिसतात.

सरस्वतीबाई फाळके दिसत नाहीत. रात्र रात्र बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुणं, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, पैशासाठी दागिने मोडणं हे सगळं त्यांनी केलं. हे आपल्याला कळतं ते घरच्यांच्या आठवणींतून आणि चरित्रांतून. रीळ कितीही स्वच्छ करा, फिल्मच्या कडेच्या भोकांवर बाईंचं नाव उमटायचं नाही.

किंवा १९४९ चा 'महल'. 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. ते मधुबालाच्या पात्राचं नाव! लोकांनी आवाज कुणाचा म्हणून रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. लताबाईंना लोकांनी शोधून काढलं. ज्यांच्यासाठी कुणी पत्रं लिहिली नाहीत त्यांचं काय?

माझा मुद्दा: संग्रहालयाने आधी कागद वाचवावा, मग पडदा. या, भांडा.

नायट्रेट

भांडायलाच आलोय. तुमचा प्राधान्यक्रम साफ उलटा आहे.

कागद शंभर वर्षं ट्रंकेत पडला तरी वाचता येतो. नायट्रेटची फिल्म, म्हणजे जुने सिनेमे ज्यावर काढत ती पटकन पेट घेणारी फिल्म, तशी पडली तर चिकट गोळा होते, नंतर भुकटी, आणि ठिणगी मिळाली तर विचारूच नका. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागून कितीतरी नायट्रेट रिळं गेली. त्यांच्या पुस्तिका कुणाच्या तरी कपाटात अजून असतील. रिळं कुठून आणणार?

'आलम आरा'ची गोष्ट पुण्याच्या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर सांगायचे. ते तो सिनेमा बनवणाऱ्या अर्देशीर इराणींना भेटले तेव्हा म्हाताऱ्याने सांगितलं, काही रिळं आहेत कुठेतरी. नंतर मुलाने खासगीत सांगितलं की चांदी काढायला कधीच दिली. भारताचा पहिला बोलपट आणि आज त्याची एक फूट फिल्म नाही. पुस्तिका आहे, फोटो आहेत. आवाज नाही. आता बोला, कागद आधी का?

दुसरं म्हणजे, पडद्यावर माणसं सापडत नाहीत हे साफ चूक. 'कालिया मर्दन' (१९१९) बघा. सुरुवातीलाच फाळक्यांची मुलगी मंदाकिनी वेगवेगळे हावभाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. सात-आठ वर्षांच्या पोरीचं अभिनयकौशल्य, थेट कॅमेऱ्यासमोर. हे कुठल्या कागदावर वाचणार होतात?

पणजीकर

दोघेही डोळ्यांबद्दलच बोलताय. कानाचं काय?

हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळातलं ऑर्केस्ट्रा म्हणजे बऱ्याच अंशी आमचे गोंयकार. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवायची, आणि चाळीस-पन्नास वादकांपुढे कुणी काय वाजवायचं ते रातोरात नोटेशनमध्ये उतरवायचं अॅरेंजरने. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतले व्हायोलिनचे ते ताफे आठवा. त्या सिनेमांच्या नामावलीत सेबॅस्टियनचं नाव येतं ते दत्तारामबरोबर 'साहाय्यक' म्हणून. साहाय्यक म्हणजे काय, चहा आणायचा?

अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्सच्या पटांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून हिंदुस्थानी रागांवर बांधलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. पुढे सिनेमा सोडून अमेरिकेत गेले, परत येऊन गोव्यातच राहिले. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं आणि ते नाव देशभर झालं. पण अमिताभ बच्चनचं पात्र म्हणून! लग्नाच्या वरातीत त्या गाण्यावर नाचणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक आहे की तो खरा माणूस होता?

आता रीळवाल्यांना प्रश्न. त्या सगळ्या हस्तलिखित नोटेशनचं काय झालं? रेकॉर्डिंग झालं, पैसे हातात आले, कागदाचं काम संपलं. ज्या कागदावर तुमची एवढी भिस्त, तोच कुणी ठेवला नाही. आज या वादकांबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळसं त्यांच्या म्हातारपणी कुणीतरी समोर बसून घेतलेल्या मुलाखतींमधून. म्हणून माझं मत: ना कागद, ना फिल्म. आधी माणूस. जे हयात आहेत त्यांना उद्या सकाळी गाठा.

रीळवाला

पणजीकर, मुलाखतींना माझा विरोध नाही. पण ऐंशी वर्षांचा वादक 'ते गाणं मीच अॅरेंज केलं' म्हणतो, दुसराही तेच म्हणतो. मग ताडून कशाशी बघणार? शेवटी रेकॉर्डिंगच्या नोंदवहीशीच ना?

नायट्रेटभाऊ, 'आलम आरा' तुमच्या नाही, माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. फिल्म गेली तरी तो कुणी बनवला, कुणी गायला हे आपल्याला ठाऊक आहे ते कागदामुळेच. फातमा बेगमचंही तसंच. 'बुलबुल-ए-परिस्तान' १९२६ चा, बाईने दिग्दर्शित केलेला भारतातला पहिला सिनेमा, एकही प्रत उरलेली नाही. कागद नसता तर फातमा बेगम ही 'आलम आरा'ची नायिका झुबेदा हिची आई एवढीच उरली असती.

स्पष्टवक्ता_६२

सगळे फार हळवे झालेत. ताजमहाल कुणी बांधला म्हटलं की शहाजहान म्हणतो आपण, गवंड्यांची यादी मागत नाही. सिनेमा ज्याच्या डोक्यात जन्मला आणि ज्याचं घर गहाण पडलं तो मोठा. फाळक्यांनी धोका पत्करला. फिल्मला भोकं कुणीही पाडली असती.

उद्या म्हणाल स्पॉटबॉयचं चरित्र पाठ्यपुस्तकात घाला.

मंजिरी देव

स्पष्टवक्ते, फाळक्यांनी धोका पत्करला तेव्हा मोडले कुणाचे दागिने? धोका घरातल्या दोघांचा होता, नाव एकाचं लागलं. इतकं साधं आहे.

पण मला रीळवाल्यांशीही भांडायचंय. सरस्वतीबाईंची ही जी गोष्ट आपण सगळे सांगतो ना, तिचा सूर मला खटकतो. दागिने, स्वयंपाक, रात्रीचं जागरण. पतिव्रतेची कथा होते तिची. फिल्मला भोकं पाडणं हे कारागिरीचं काम आहे. अंतर जरा चुकलं तर चित्र पडद्यावर थरथरतं. काळोख्या खोलीत बसून ते अचूक करणारी बाई ही सिनेमाची तंत्रज्ञ आहे, 'दादासाहेबांची सहधर्मचारिणी' ही ओळख त्यापुढे दुय्यम. आणि ही पतिव्रतेची कथा आली कुठून? तुमच्या लाडक्या कागदांतूनच. चरित्रं, गौरवग्रंथ, स्मरणिका. त्यात बाईच्या श्रमाला त्याग म्हणण्याची पद्धत होती. कागद वाचवा, जरूर वाचवा, पण तो निष्पाप साक्षीदार आहे असं समजू नका.

दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'त (१९२०) गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी कामं केली. त्यांची नावं बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी केली गेली. सिनेमात काम केलं म्हणून समाजाने त्यांना बाहेर टाकलं आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच राहावं लागलं. आता संग्रहालयातली जाहिरात तुम्हाला दाखवणार 'कमलादेवी'. गुलाबबाई तुम्हाला तिथे भेटणारच नाहीत.

नायट्रेट

मंजिरीताईंना शंभर टक्के अनुमोदन. हेच म्हणतोय, कागद मालकाने लिहिलेला असतो.

मंजिरी देव

अहो, आणि फिल्म कुणी काढलेली असते? फाळक्यांनी सिनेमा कसा बनतो हे दाखवणारी एक छोटी फिल्म केली होती, तिचे तुकडे उरलेत. त्यात दिग्दर्शन करणारे फाळके, फिल्म तपासणारे फाळके, जोडणारे फाळके. मालकच कॅमेऱ्यापुढे आणि मालकच कॅमेऱ्यामागे. अनुमोदन परत घ्या.

लाइटमनचा_पोरगा

स्पष्टवक्ते साहेब, मी त्या गवंड्यांपैकी एकाचा मुलगा आहे म्हणून लिहितो.

वडील मुंबईत लाइटमन होते. वर टांगलेल्या फळ्यांवर, सेटच्या छपराजवळ, उन्हाळ्यात मोठ्या दिव्यांच्या शेजारी उभं राहायचं. खाली हिरॉईनला पंखा, वर माणूस भाजतोय. म्हातारपणी एका योजनेतून मदत मिळावी म्हणून अर्ज केला तेव्हा विचारलं, किती वर्षं काम केलं याचा पुरावा द्या. आता पुरावा कुठला? रोजंदारी हातात मिळायची. ज्या सिनेमांवर काम केलं त्यांच्या नामावलीत 'लाइट्स' म्हणून भाड्याने दिवे देणाऱ्या कंपनीचं नाव. दिव्याला नाव आहे, दिवा धरणाऱ्याला नाही. शेवटी एका जुन्या सेटवरच्या फोटोत ते मागे उभे दिसले. तो फोटो लावला, अर्ज तरी पुढे सरकला.

तर तुम्ही ज्याला हळवेपणा म्हणता, तो आमच्या घरी औषधांचा खर्च होता. इतिहासात नाव लागावं ही आमची अपेक्षाच नव्हती.

स्पष्टवक्ता_६२

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण हा प्रश्न कामगार कायद्याचा झाला, चित्रपट संग्रहालयाचा नाही. दोन्हीची मिसळ करू नका.

वकीलीण

मिसळ आधीपासूनच झालेली आहे, साहेब. एक निकाल सांगते.

मुंबईच्या सिने मेकअप आणि हेअरड्रेसर संघटनेत कित्येक दशकं रीत अशी होती की बायकांनी फक्त हेअरड्रेसर व्हायचं, मेकअप आर्टिस्टचं कार्ड पुरुषालाच. चारू खुराना यांनी हे आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने तो भेदभाव रद्द केला. त्याचबरोबर पाच वर्षं महाराष्ट्रात वास्तव्य हवं ही अटही.

आता याचा संग्रहालयाशी संबंध बघा. तुम्ही जुन्या नामावल्या काढून बसलात तर 'मेकअप' पुढे पुरुषांचीच नावं दिसतील. संशोधक निष्कर्ष काढेल की बायकांना या कामात रस नव्हता, किंवा गती नव्हती. संघटनेची नियमावली शेजारी ठेवली तरच कळतं की दारच बंद होतं. म्हणून मला 'कागद की फिल्म' हा वादच अपुरा वाटतो. कुठला कागद, हा प्रश्न आहे. स्टुडिओचे कागद जपले जातात. संघटनांच्या इतिवृत्तांना, वर्गणीच्या पावत्यांना, तक्रारअर्जांना सिनेमाचा वारसा म्हणायला कुणी तयार नाही.

पणजीकर

हे पटलं. वादकांच्या संघटनेचे कागद मिळाले तर सोन्याहून पिवळं.

अवघड_जागी

सगळी चर्चा वाचली. एक नाव कुणीच घेतलं नाही म्हणून घेतो: पी. के. रोझी. मल्याळममधल्या पहिल्या सिनेमाची, 'विगतकुमारन'ची नायिका. दलित बाईने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून लोक खवळले, थिएटरात दगडफेक झाली, तिला गाव सोडून पळावं लागलं. सिनेमा उरला नाही. बाई पुढे नाव बदलून कुठेतरी जगली.

इथे काय करणार? रिळं नाहीत, करार नाही, मुलाखत कुणी घेतली नाही. तुमच्या तिन्ही पक्षांची संग्रहालयं इथे रिकामी आहेत. जे मुळातच हाकलले गेले त्यांच्याबद्दल संग्रहालय काही सांगत नाही, आणि ज्यांच्याबद्दल सांगतं ते निदान दारापर्यंत पोचलेले लोक असतात. 'दुर्लक्षित माणसं संग्रहालयात सापडतात' हा धाग्याचा पायाच मला मान्य नाही.

रीळवाला

रोझीचं उदाहरण जबरदस्त आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला नाही पटत. रोझी आज आपल्याला माहीत आहे ती कुणीतरी जुने कागद आणि जुने लोक धुंडाळले म्हणूनच. संग्रहालय रिकामं होतं, तरी शोध थांबला नाही. उलट, रिकामी जागा दिसण्यासाठीसुद्धा आधी बाकीचं नीट मांडलेलं लागतं.

आणि जे आहे ते तरी आपण कुठे बघतोय? जोसेफ विर्शिंग हे नाव घ्या. म्युनिकचा कॅमेरामन, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९३४ पासून. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला छावणीत डांबलं. त्याने स्वतःपुरते काढलेले हजारो फोटो कुटुंबाने गोव्यात जपून ठेवले, आणि २०१७ मध्ये पणजीत त्यांचं प्रदर्शन झालं. देविका राणी आहेतच त्यात. पण मला धरून ठेवलं ते शूटिंग चालू असतानाच्या फोटोंनी. कॅमेऱ्यामागची माणसं, हातात काहीतरी धरून ताटकळणारी. हे चेहरे बॉम्बे टॉकीजच्या कुठल्याही सिनेमात नाहीत. सिनेमाच्या चौकटीबाहेर उभं राहणं हेच तर त्यांचं काम होतं!

म्हणून म्हणतो, मूळ सिनेमा दहा वेळा दुरुस्त करा. ही माणसं त्यात कधी नव्हतीच.

मंजिरी देव

चेहरे आहेत, नावं आहेत का?

रीळवाला

बहुतेकांची नाहीत.

मंजिरी देव

मग दुर्लक्षितांचा शोध लागला कसा म्हणायचा? अनामिक होते, आता फोटोतले अनामिक झाले.

शांता आपट्यांची आठवण होते. 'प्रभात'ची एवढी मोठी नटी, 'कुंकू'ची नायिका, १९३९ मध्ये करारावरून वाद झाला तर स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. आणि १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' असं पुस्तक लिहिलं. या धंद्यात माणूस कसा पिळून काढतात ते त्यात लिहिलंय. कुठल्या संग्रहालयाने ती शोधून काढण्याची वाट बघितली नाही तिने. मराठीत लिहिलं, स्वतः लिहिलं. आणि आपण मराठी वाचक ते विसरून बसलो. पुस्तक वाचलेले किती जण आहेत या धाग्यावर?

नायट्रेट

(हात वर नाही.)

बरं, माझा शेवटचा मुद्दा. भांडण बाजूला ठेवून व्यवहाराचं बोलू. पैसा मर्यादित. रीळ दर वर्षी सडतंय, हे विज्ञान आहे, मत नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून जास्त सिनेमे झाले, त्यातले धड म्हणावेत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. तुम्ही म्हणता तो कागद पाच वर्षांनी स्कॅन केला तरी चालेल. माझी भूमिका तीच: आधी फिल्म.

रीळवाला

पाच वर्षांनी तो रद्दीत असतो. स्टुडिओ बंद होतो, जागा बिल्डरला जाते, फायली किलोवर जातात. रीळ निदान 'हेरिटेज' म्हणून कुणीतरी उचलतं. हजेरीपट कोण उचलणार?

एक ठोस मागणी ठेवतो. फुकटात होण्यासारखी. संग्रहालयाच्या सूचीत आज सिनेमा शोधायचा तर दिग्दर्शक, निर्माता, कलाकार, साल याच वाटा आपण वापरतो. जी नामावली पडद्यावर शेवटपर्यंत पळते ती पूर्ण उतरवा. लाइट, सेटिंग, ड्रेस, नृत्यातले साहाय्यक, सगळी. पुस्तिकांतली नावं उतरवा. फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं उतरवा. विद्यार्थी करतील हे काम. मग कुणीही आपल्या आजोबांचं नाव टाकून शोधू शकेल.

लाइटमनचा_पोरगा

नाव टाकून शोधू शकेल म्हणता, पण कुठलं नाव? रेशनकार्डावर वडिलांचं नाव वेगळं आणि सेटवर सगळे त्यांना 'मामा' म्हणायचे. हजेरी मांडणाऱ्यानेही तेच लिहिलं असणार. मुंबईच्या स्टुडिओंत तेव्हा मामा किती होते, सांगा. सूचीत टोपणनावाचा रकाना वेगळा ठेवा, त्याच्यापुढे गाव टाका आणि कुठल्या फ्लोअरवर काम ते टाका. गावावरून सापडतील. आमच्याकडच्या एकाच तालुक्यातली पुष्कळ माणसं या लाइनीत होती, एकाने दुसऱ्याला आणलेली. त्यांच्यातले जे अजून आहेत त्यांच्यासमोर फोटो ठेवायचे असतील तर मला कळवा, मी घेऊन जातो.